आपन बठ्ठा एक

गॅसवर बिबडी, आमच्याकडचा ज्वारीचा पापड, भाजली की खरपूस वास सुटतो आणि मला जळगावच्या आमच्या गल्लीतले नाना आठवतात. तोंड आपोआप वाकडं होतं.

नव्वदच्या आसपासचा उन्हाळा. शेजाऱ्याने शेजाऱ्याच्या मदतीला धावावं म्हणून नानांनी मंडळ काढलं. उद्घाटनाच्या खुर्च्या मावाव्यात म्हणून मंडळाने सर्वांत आधी काय केलं, तर विमलअक्काच्या बिबड्या वाळत घातलेल्या खाटा गल्लीच्या टोकाला हलवल्या. बिबड्या विकूनच तिचं घर चालायचं.

नानांचं भाषण रंगात आलं आणि धुळीचं वावधन सुटलं. पुरुष धावले खरे. कुणी हार धरला, कुणी माईक, बाकीच्यांनी ‘आपन बठ्ठा एक’, म्हणजे आपण सगळे एक, असं लिहिलेली पत्र्याची पाटी. आम्ही बायका खाटांकडे पळालो.

“बठ्ठा एक ना? मंग खाटना एक कोपरा तरी धरा ना, नाना!” अक्का ओरडली.

“अक्का, आधी पाटी आत जाऊ द्या!”

निम्म्या बिबड्या मातीत गेल्या. तेव्हा वाटलं, नाना गडबडले. आता कळतं, त्यांना जे वाचवायचं होतं तेच त्यांनी वाचवलं.

पुढच्या उन्हाळ्यात अक्काने ती पाटी आडवी टाकली, वर जुन्या लुगड्याचं धुतलेलं धडकं अंथरलं आणि बिबड्या घातल्या. मंडळाची गल्लीला झालेली मदत तेवढीच.