लियाकत पाववाल्याची तालीम

भद्रकालीतल्या लियाकत पाववाल्याला उभ्या आयुष्यात शत्रू असा एकच होता, आणि तो त्याच्या बायकोचा सख्खा भाऊ होता.

अकबर त्याचं नाव. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. वाईट असता तर सगळं सोपं झालं असतं. देवळाली कॅम्पात तो दिवसभर पोती उचलायचा आणि संध्याकाळी कुस्त्या खेळायचा. एवढं करूनही त्याची उचलण्याची हौस फिटत नसे. कुठल्याही समारंभात लियाकत दिसला, की “क्या दूल्हेभाई!” म्हणत तो त्याच्या कमरेला विळखा घालायचा आणि त्याला सापडेल त्या उंच जागी नेऊन ठेवायचा. लियाकतच्या स्वतःच्या निकाहाला तांग्याच्या टपावर. मुलीच्या अकीक्याला, म्हणजे बारशालाच म्हणा, जळणाच्या ढिगावर. नांदगावच्या एका लग्नात तर त्यानं दूल्हेभाईंना कुंपणाच्या भिंतीवर बसवलं, स्वतः जेवायला गेला आणि साफ विसरला. लियाकत तिथंच बसून बिर्याणीचा नुसता वास घेत होता. खाली उडी मारावी तर गुडघ्यांचा भरवसा नाही, आणि हाक मारावी तर अजून चार माणसं बघायला येणार.

तक्रार करायची सोय नव्हती. मेहुण्यानं दूल्हेभाईची थट्टा करायची ही रीतच. त्यावर रागावणारा दूल्हेभाई हलक्या मनाचा ठरतो. लियाकत तांग्याच्या टपावर बसूनसुद्धा हसायचा. असलं हसू माणसाच्या तब्येतीला चांगलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

सन चौतीस साली लियाकतच्या मुलीची, रेहानाची, मंगनी ठरली. स्थळ निफाडचं, घर इभ्रतीचं. व्याही अबोल आणि करडे. बोलणी पक्की करायला आले तेव्हा तीन तासांत एकदाही हसले नव्हते. मंगनीला तीन महिने अवकाश होता. एक दिवस रेहाना पाव मोजून टोपलीत भरताना खाली मान घालून म्हणाली, “अब्बा, त्या दिवशी तरी मामूंनी तुम्हाला उचलू नये. मला तिथं जन्म काढायचाय.”

एवढंच म्हणाली. आजवर लोक आपल्याला हसले तर हसले, पण उद्या ‘ती त्या टपावरच्या माणसाची मुलगी’ म्हणून पोरीला सासरी ऐकून घ्यावं लागेल, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टी रिकामी झाल्यावर, बेचाळीस वर्षांचा लियाकत नवा लंगोट काखेत मारून खाजा वस्तादच्या तालमीत हजर झाला.

“वस्ताद, मला फक्त एक डाव शिकवा,” तो म्हणाला. “कुणी उचलू लागलं, तर उचललं जायचं नाही.”

वस्तादनं त्याला नखशिखांत न्याहाळलं. लियाकतची उंची पाहता हे काम फार लांबचं नव्हतं.

“आधी बैठका मार.”

लियाकतनं चार बैठका मारल्या. पाचवीला तो खाली गेला आणि तिथंच राहिला. दोन पोरांनी त्याला बगलेत धरून उभा केला. घरी पोचल्यावर त्याला ओटा चढवेना, बायको जहिदानं दारातूनच विचारलं, “मारामारी शिकायला गेला होतात की खायला?”

पण माणूस चिवट. रोज जाऊ लागला. तालमीचा दंडक असा, की नव्या गड्यानं आधी कुस्तीचा हौद खणायचा, माती उलटीपालटी करायची, तीत तेल-हळद-ताक कालवायचं आणि मग थोरल्या पहिलवानांचं अंग रगडून द्यायचं. डाव त्यानंतर. लियाकतनं विनातक्रार हौद खणला, आणि सावळीराम पहिलवानाच्या पाठीला हात लावला. हा सावळीराम म्हणजे तालमीचा सगळ्यात दांडगा गडी.

इथं घोटाळा झाला. लियाकतनं वीस वर्षं रोज मणभर मैदा मळला होता. कुठं गाठ आहे, कुठं ताण आहे, कुठं नुसता अंगठा फिरवला की पीठ सैल पडतं, हे त्याच्या हातांना आपोआप कळायचं. मैद्यात आणि सावळीरामात त्या हातांनी काही फरक केला नाही. सावळीराम आधी “हं” म्हणाला, मग “अगं आई गं” म्हणाला आणि मग घोरू लागला.

दुसऱ्या दिवशी लियाकतपुढं पाच पहिलवान ओळीनं पालथे पडले होते. आठवडाभरात इतर तालमींतलेही यायला लागले. सहाव्याच दिवशी खुद्द वस्ताद पालथा झाला.

“वस्ताद, डाव?” लियाकत त्याचा खांदा रगडत विचारायचा.

“उद्या. जरा खाली. हां, तिथं.”

असे तीन महिने उद्यावर गेले. लियाकतच्या बैठका चारावरून सात झाल्या. प्रगती म्हणायची तर तेवढीच. मंगनी एका दिवसावर आली तेव्हा मात्र तो मातीत फतकल मारून बसला आणि आज शिकवल्याशिवाय कुणालाही हात लावणार नाही म्हणाला. वस्तादचा चेहरा पडला.

“लियाकत, खोटं कशाला बोलू? तुला डाव शिकवले असते, तर तू कुस्ती धरली असतीस. मग आमच्या पाठींनी कुणाकडं बघायचं?”

शरमेनं त्यानं घाईघाईत धोबीपछाड दाखवली. लियाकतनं ती सावळीरामवर केली. म्हणजे सावळीरामचा हात खांद्यावर घेऊन त्यानं सर्व ताकदीनं हिसका दिला. सावळीराम होता तिथंच उभा राहिला आणि लियाकत एकटाच मातीत गेला. कुणी हसलं नाही, इतकी सगळ्यांना त्याची कीव आली.

मंगनीच्या दिवशी दारात मांडव, मांडवाशेजारी सजवलेला तांगा. तांग्याचा टप पाहूनच लियाकत मांडवाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला. निफाडचे पाहुणे उतरले, व्याही पुढं आले, लियाकतनं सलाम केला. तेवढ्यात मागून आवाज आला.

“क्या दूल्हेभाई!”

रेहाना पडद्याआडून बघत होती. अकबर हात पसरून आला, समोरून कमरेला विळखा पडला, आणि लियाकतच्या टाचा जमिनीवरून सुटल्या. डाव म्हणून एकही आठवेना, कारण एकही येत नव्हता. घाबरून त्यानं अकबरच्या खांद्यांना धरलं. आणि तिथं, मानेच्या बुडाशी, त्याच्या अंगठ्याला गाठ लागली. सुपारीएवढी, वर्षानुवर्षं पोती वाहून दगड झालेली. हातांनी विचारलंच नाही. ते कामाला लागले.

“अरे,” अकबर म्हणाला.

लियाकतनं अंगठा फिरवला.

“अरे, अरे... जरा डावीकडं.”

टाचा जमिनीला टेकल्या. विळखा सैल झाला. लियाकत दाबत गेला आणि तो दोनशे पौंडांचा गडी गुडघ्यांवर आला, मग बसला, मग मांडवातल्या सतरंजीवर आडवा झाला आणि घोरू लागला. व्याह्यांनी त्या देहाकडं पाहिलं, मग लियाकतकडं पाहिलं आणि अतिशय अदबीनं त्याला आधी बसायची विनंती केली.

मंगनी अकबरला वळसा घालूनच पार पडली. मिठाई वाटली गेली, दुआ झाली. त्याला हलवायची कुणात ताकद नव्हती.

पाहुणे जेवायला बसल्यावर तो जागा झाला. लियाकत जवळच होता. मनात विजयाचं भाषण तयार होतं, तीन महिने घोकलेलं. पण अकबर मान चोळत, खाली बघत म्हणाला, “दूल्हेभाई, मला आजपर्यंत ज्यानं ज्यानं हात लावला, पाडायलाच लावला. हे असं कुणी... अम्मी गेल्यापासून नाही.”

लियाकतला भाषण आठवेना. त्याला एकदम फार वाईट वाटलं. इतकी वर्षं हा माणूस आपल्याला मिठीच मारत होता. त्याला ती धड मारता येत नव्हती एवढंच.

निघताना व्याह्यांनी विचारलं, “हे पहिलवान कोण?”

“माझा मेहुणा,” लियाकत म्हणाला आणि त्यानं अकबरच्या खांद्यावर हात ठेवला. त्यासाठी त्याला टाचा उचलाव्या लागल्या, पण या खेपेला त्या त्यानं आपल्या आपण उचलल्या.