भावाची बिअर आणि आईचा शिक्का

माझा धाकटा भाऊ बिअर बनवतो, हे मी शाळेतल्या बायकांना सांगितलं तेव्हा स्टाफरूममधल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी नगरला एका शाळेत मराठी शिकवते. त्यांच्यापैकी दोघींचे नवरे रोज संध्याकाळी कुठे बसतात हे साऱ्या नगरला माहीत आहे, पण तोंडं त्यांनीच वाकडी केली. मीही मग हट्टानं सांगत सुटले, की दुकान नाही, कारखाना आहे. छोटा आहे, पण त्याचा स्वतःचा आहे.

आमचं गाव पारनेर तालुक्यात, पुणे-नगर रस्त्याच्या कडेला. बाजरी, मटकी, आणि पाऊस पडला तर थोडा कांदा. भाऊ नगरला रसायनशास्त्र शिकला आणि पुण्यात एका बिअरच्या कारखान्यात लागला. काही वर्षांनी तिथल्याच एका मित्राला भागीदार करून गावाकडे परत आला. आमच्याच शिवारात, हमरस्त्याला लागून, पत्र्याची शेड घातली, आत स्टीलच्या चकचकीत टाक्या बसवल्या, बाहेर लाकडी बाकं टाकली. गावच्या बाजरीची बिअर. पुण्याची मंडळी शनिवार-रविवारी गाड्या काढून यायची.

मी एकदा गेले होते बघायला. लोक ग्लास उजेडाकडे धरत होते, नाक खुपसून वास घेत होते. एक जण म्हणाला, केळ्याचा वास येतोय. दुसऱ्याला लवंग आली. एक बाई डोळे मिटून म्हणाली, यात माती आहे. मला हसू आवरेना. एवढी दर्दी मंडळी मी गाण्याच्या मैफलीतसुद्धा पाहिली नव्हती. पण भाऊ त्यांच्याशी बोलताना ऐकला आणि माझं हसू गेलं. धान्य भिजवून मोड कसे आणायचे, ते वाळवून भरडायचं कसं, गरम पाण्यात त्याची साखर कशी उतरते, हे तो इतक्या मायेनं सांगत होता, की वर्गात मी कविता शिकवताना कधी तसं बोलले असेन का, अशी मला शंका आली. मीही घोटभर घेतली. भाकरीच्या करपलेल्या पापुद्र्यासारखी चव, मागून किंचित आंबट. मला आवडली. उगाच कशाला खोटं बोलू?

आईशी मात्र त्याचं बोलणं कधी पुरं व्हायचं नाही. ती सुपात बाजरी निवडत बसायची आणि तो उंबऱ्यावर बसून समजावायचा.

"आई, ही दारू न्हाई. तू अंबील करतीस ना, तसंच. जरा पुढं नेलेलं."

"कुठवर पुढं?" आई खडे वेचत विचारायची.

"हे लोक नशेसाठी न्हाई येत. चवीसाठी येत्यात."

"चव तर पयल्या गिलासात कळती. मग दुसरा कशाला मागत्यात?"

"दुसरा येगळा असतो, आई. येगळ्या चवीचा."

"तुजा बाप बी रोज येगळंच कारन सांगायचा."

इथे गाडी थांबायची. आमचे वडील देशी दारूपायी गेले. मी मोठी, त्यामुळे मी सगळं पाहिलंय. आईचे केस त्यांच्या मुठीत पाहिलेत. भावाच्या आठवणीतले वडील निराळेच आहेत. त्याला पाठीला वाळका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकवणारे, बाजारातून गुडदाणी आणणारे, अंगाला मातीचा वास येणारे वडील. तो सांगायला लागला की मी गप्प बसते. एका घरात दोघांनी दोन बाप पाहिले, त्यातला त्याचा कशाला मोडायचा?

गावातलं देशी दारूचं दुकान बंद पाडलं ते आमच्या आईनं आणि तिच्या बरोबरीच्या बायकांनी. आमच्याकडे ही रीतच आहे. गावातल्या बायकांनी मागणी केली की सरकार त्यांचं मतदान घेतं. मतपत्रिकेवर दोन बाटल्या असतात, एक उभी, एक आडवी. दुकान राहावं असं वाटलं तर उभीवर शिक्का, बंद व्हावं वाटलं तर आडवीवर. पण नुसत्या आलेल्या मतांत आडवी पुढे असून भागत नाही. गावात जेवढ्या बायका मतदार आहेत, त्यांतल्या निम्म्याहून जास्त जणींनी आडवीवर शिक्का मारावा लागतो. जी आलीच नाही, तिचं मत आपोआप उभ्या बाटलीच्या पदरात पडतं.

आणि भावाच्या कारखान्यालाही एक दिवस तीच बाटली आडवी आली. सुरुवातीला बायकांची तक्रार नव्हती. बिअर काढून उरलेला बाजरीचा चोथा तो फुकट वाटायचा, म्हशी आवडीनं खायच्या. मग कुणीतरी उठवलं की अमकीची म्हैस चोथा खाऊन झोकांड्या खाते. चोथ्यात काडीची नशा नसते, तो आंबवण्याआधीच बाजूला काढतात, हे भावानं घरोघर जाऊन सांगितलं. पण म्हशीचं निमित्त होतं. खरी गोष्ट वेगळी होती. बाकांवर आता गावातली पोरंही दिसायला लागली होती. दोन-तीन घरांत भांडणं झाली. बायकांनी सह्या केल्या, अंगठे उठवले आणि मतदान लागलं.

लागलं ते ऊसतोडीच्या दिवसांत. आमच्या गावच्या निम्म्या बायका तेव्हा कोयता घेऊन श्रीगोंद्याकडे, काष्टीच्या आसपासच्या उसाच्या फडांवर असतात. पुण्याच्या भागीदारानं हिशेब केला आणि खुशीत फोन केला. आपल्याला काही करायचंच नाही, नुसतं गप्प बसायचं. भाऊही त्या आठवड्यात जरा मोकळा हसत होता. मीही सुटकेचा श्वास सोडला, हेही लिहून टाकते.

मतदानाच्या आदल्या रविवारी मी गावी गेले होते. आम्ही तिघं जेवत होतो. आई त्याच्या ताटात भाकरी वाढता वाढता म्हणाली, "मी आडवीवर मारनार हाय. तुला मागनं कुनी सांगाया नगं, म्हनून मीच सांगते."

भाऊ जेवत राहिला. "मला ठावं हुतं," म्हणाला.

"आन आजून एक हाय. त्या फडावरल्या बायांना आन. तुज्याकडं टेम्पो हाय."

आता मात्र त्याचा हात थांबला. "आई, मी आनू? माझ्याच टेम्पोत बसवून माझ्याच गळ्याला फास लावायला आनू?"

"त्या नसताना जितलास तर काय जितलास?"

तो ताटावरून उठला. हात धुऊन सरळ गाडी काढून गेला. मी आईवर भडकले. म्हटलं, तुझा पोरगा आहे की वैरी? त्याची बिअर आणि बापाची देशी एकच का? सगळं आयुष्य त्या एका माणसाच्या दारूवर काढलंस, आता पोराचंही त्याच्यावरच काढणार का? मी बोलायला लागले की थांबत नाही, हा माझा स्वभाव. आईनं सगळं ऐकून घेतलं. खरकटं उचललं. मग चुलीपाशी बसून सांगायला लागली.

ती जे म्हणाली ते मला माहीत नव्हतं. पहिलं मतदान झालं तेव्हा मी नगरला वसतिगृहात होते. तेव्हाही दिवस ऊसतोडीचेच होते. दुकानदार असाच निवांत होता. आई आणि दुसरी एक बाई एसटीनं काष्टीला गेल्या, फडाफडावर फिरल्या. बायांनी मुकादमाशी भांडून एका दिवसाच्या मजुरीचा खाडा पत्करला आणि उसाच्या ट्रकवर बसून मताला आल्या.

"त्या आल्या म्हनून दुकान मोडलं," आई म्हणाली. "दुकान मोडलं म्हनून तुजा बाप दोन वर्सं बिगर दारूचा ऱ्हायला. मग चालत शेजारच्या गावाला प्याया जाया लागला आन त्यातच गेला. पर ती दोन वर्सं हुती ना. तुजा भाऊ त्याच दोन वर्सांतलं समदं सांगतो. ते हिरीतलं पवनं, ती गुडदानी. त्या बाया आल्या नसत्या तर त्याला बाप कुटून मिळाला असता?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ, दोष कुणाला द्यायचा? मी नगरची एसटी सोडून दिली आणि चालत हमरस्त्यावर कारखान्यात गेले.

भाऊ टाकी धूत होता. मी त्याला आई जे बोलली ते तसंच्या तसं सांगितलं, माझा एक शब्दही न घालता. सांगताना मला भीती वाटत होती. त्याचा बाप मोडू नये म्हणून मी इतकी वर्षं गप्प बसले होते, आणि आता तोच बाप कुणाच्या खाड्यावर मिळाला ते मी सांगत होते. तो पाठमोराच राहिला. पाण्याचा पाइप हातात तसाच, पाणी जमिनीवर वाहत होतं. मग त्यानं नळ बंद केला.

"आक्का, कुठल्या फडात हायेत त्या?" एवढंच विचारलं.

मतदानाच्या सकाळी तो स्वतः टेम्पो घेऊन गेला. ज्या टेम्पोतून बिअरची पिंपं जायची, त्यातच सतरंज्या अंथरल्या होत्या. मी सोबत गेले होते. मुकादम कुरकुरला, भावानं त्याच्या विनवण्या केल्या. बायका चढायला लागल्या. हात उसाच्या पाचटानं चिरलेले, डोक्याला फडकी बांधलेली. त्यांतली एक म्हातारी पायरीवर थांबली आणि भावाकडे बघून म्हणाली, "पोरा, आमी आडवीवरच मारनार हाय, बरं का. मागनं शिव्या देऊ नगंस."

"ठावं हाय, मावशी. चढा," तो म्हणाला आणि तिला हात दिला.

दुपार टळेपर्यंत अशा तीन खेपा झाल्या. शाळेसमोर त्यानं त्यांना उतरवलं, आणि रांग संपेपर्यंत लिंबाखाली टेम्पोला टेकून उभा राहिला. आई रांगेत होती. तिनं एकदाच मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

संध्याकाळी निकाल लागला. आडवी जिंकली. फडावरच्या बायकांवाचून ती जिंकली नसती, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. भागीदाराचा फोन आला. तो काय बोलला ते भावानं मला सांगितलं नाही, पण फोन ठेवल्यावर तो शेडमधल्या बाकावर बसला तो उठलाच नाही. सरकारी आदेश यायला वेळ लागणार होता, कागद फिरणार होते, पण कारखाना संपला होता. टाक्यांमध्ये अर्धी आंबलेली बिअर तशीच होती. मला वाईट वाटलं, आणि रागही आला. बायकांचा, आईचा, आणि सगळ्यात जास्त वडिलांचा. मेलेल्या माणसानं एवढं पुरून उरू नये.

चावडीपाशी बायकांनी गुलालाची पुडी आणली होती. आईनं ती काढून घेतली. "गुलाल नगं," म्हणाली. "आज माज्या घरात वाईट झालंय."

घरी येऊन तिनं चूल पेटवली. पिठलं केलं, दोन भाकरी थापल्या, फडक्यात बांधल्या आणि चप्पल पायात सरकवली. मी विचारलं, कुठं? ती तोवर उंबरा ओलांडून गेली होती. मी मागे निघाले, आणि ती हमरस्त्याकडे वळली तेव्हा मला कळलं. आमच्याकडे ज्या घरी माणूस जातं, त्या घरची चूल त्या दिवशी पेटत नाही. भावकीतलं कुणी पिठलं-भाकरी घेऊन जातं आणि सुतकातल्या माणसांना समोर बसून बळेच चार घास खायला लावतं. त्याला कडू घास म्हणतात.

कारखाना उभा राहिल्यापासून आईनं तिथे पाऊल टाकलं नव्हतं. आता ती सरळ शेडमध्ये शिरली. टाक्यांकडे तिनं बघितलंही नाही. भावाच्या समोर खाली फरशीवर बसली, फडकं सोडलं, भाकरी मोडली आणि पिठल्यात बुडवून घास त्याच्या तोंडापाशी धरला.

"आक्का, सांग हिला, मला भूक न्हाई," तो म्हणाला.

"आशा दिवशी भूक कुनाला आसती?" आई म्हणाली. हात तसाच धरून बसली.

तो बाकावरून उतरला आणि तिच्यासमोर मांडी घालून बसला. त्यानं घास घेतला. आईनं दुसरा दिला, तिसरा दिला. मग त्यानं तिचा हात धरून थांबवला, स्वतः भाकरीचा तुकडा मोडला आणि तिच्यापुढे केला.

"तू बी खा, आई. तुजं बी गेलंय."

आईनं तो घास घेतला, आणि चावता चावताच ती रडायला लागली.