वाघबारस आणि किप्रोनो

परवा वाघबारशीला बोईसरच्या पुढे, डोंगराकडच्या एका पाड्यावर जाऊन आलो. घरचे ओरडले... ऐंशी पार केलेल्या माणसाने रिक्षात बसून एवढे खड्डे खायची काय गरज! पण आदल्या आठवड्यात नैरोबीहून माझ्या कॉलेजच्या मित्राच्या मुलीचा फोन आला होता. किप्रोनो गेला.

आम्ही दोघं मुंबईत गुरांच्या डॉक्टरकीला एकत्र होतो. साठच्या दशकात आफ्रिकेतून मुलं शिकायला यायची, त्यातलाच हा. लहानपणी त्याच्या घरचा अख्खा कळप बुळकांडीने गेला होता. त्या रोगाशी त्याचं खानदानी वैर!

शेवटच्या वर्षी पालघर भागात बुळकांडीची लस टोचायला आमची जोडी पाठवली. थर्मासात लस, भोवती मुरबे गावच्या मासेवालीने दिलेला बर्फ... आमच्या सामानाला बोंबलाचा वास. रोग डोंगरापलीकडच्या गावापर्यंत आला होता. आणि आम्ही याच पाड्यावर पोचलो नेमके वाघबारशीला.

त्या दिवशी सगळ्या पाड्यांची गुरं वाघदेवाच्या माळावर आणून पुजायची, आणि गुराला लोखंड लावायचं नाही, अशी तिथली रीत. म्हणजे सुई बंद, वर रोग पसरायला आयताच मेळावा. एक आजारी जनावर त्यात शिरलं असतं, तर पुढच्या पावसाळ्यात नांगराला बैल उरला नसता.

मी वाद घातला. सरकारी हुकूम, पोलीस पाटील, सगळं काढून झालं. पूजा करणारा म्हातारा भगत नुसती मान हलवत राहिला.

"आज नाय. उद्या टोचा. आमी नको म्हनत नाय."

मला वाटलं, किप्रोनो आता भडकणार. तर हा पठ्ठ्या बूट काढून अंगणात मांडी घालून बसला! मला म्हणाला, सांग त्यांना, सुई उद्याच. फक्त एवढं विचार, गुरं देवाकडे नेण्याऐवजी देव गुरांकडे आला तर चालेल का?

मला विचारायचीसुद्धा भीती वाटली. तरी विचारलं. भगत दारातल्या बायकोकडे बघून म्हणाला, "वाघ काय बोलावल्याबिगर येत नाय? गोठ्यातच तर येतो!"

बायको खळखळून हसली, आणि तिथेच निकाल लागला. म्हाताऱ्याने शेंदराची वाटी घेतली आणि घरोघरी जाऊन गोठ्यातच गुरं पुजली. दुसऱ्या दिवशी लोकांनी आपणहून बैल धरून दिले. त्या पाड्यात बुळकांडी शिरली नाही.

किप्रोनो मायदेशी परतला, मोठा शास्त्रज्ञ झाला, उभं आयुष्य बुळकांडीच्या मागे लागून राहिला. आज तो रोग जगातून गेलाय... मुलगी सांगत होती, नव्या डॉक्टरांना तो आधी हेच शिकवायचा. कळपाजवळ जाण्याआधी मालकांचा सण कधी आहे ते विचारा.

परवा पाड्यावर बघतो तर एक तरुण शेंदराची वाटी घेऊन गोठ्यागोठ्यातून फिरतोय. माळ मोकळा. मी विचारलं, गुरं देवाकडे नाही नेत?

"नाय बाबा. आमचा देव पयल्यापास्नं घरीच येतो."

मित्रा, तुझं नाव तिथे कुणालाच माहीत नाही, आणि मीही काही सांगितलं नाही... चिमूटभर शेंदूर तेवढा कागदात बांधून मागून घेतला. नैरोबीला पाठवायचाय.