आग थांबली तेव्हा

निरोप घेऊन आलेल्या गड्यावर मी आधी खेकसलेच. रिसोडच्या शाळेत माझा सहावीचा वर्ग ऐन रंगात होता आणि हा एस.टी.तून उतरून थेट वर्गात घुसला. "ताई, आसेगावले चला. किसनदादा गेले." हातातला खडू मी फळ्यावर असा दाबला की त्याचा चुरा झाला. रडू नंतर आलं, आधी आला तो संताप. पंचेचाळिशीचा, पाषाण फोडणारा माझा भाऊ छातीतल्या जळजळीनं मरतो म्हणजे काय!

दादा विहिरींना सुरुंग लावायचा. पहारीनं भोक पाडायचं, दारू ठासायची, वातीला विडी टेकवायची आणि दोर धरून वर यायचं. बहात्तरच्या दुष्काळात त्याला दम खायला फुरसत नव्हती. एकदा दोरावर असतानाच छातीत आग उसळली, तो तिथंच वाकला, अन् खाली सुरुंग उडाला. दगडाची कपची कानशील फाडून गेली. रक्तानं न्हालेला दादा वर आला आणि मागितलं काय? खायचा सोडा! चिमूटभर, पाण्यातून. ढेकर दिली, रक्तानं भरलेली मिशी पुसली, म्हणाला, "निंगाली आग." रोजचंच होतं ते. ठेचा-भाकर, वर विडी, मग आग, मग सोडा. आडवा झाला की आंबट पाणी घशात यायचं, म्हणून वर्षानुवर्षं तो बसूनच झोपला, सोड्याचा डबा ठेवलेल्या कोनाड्याशेजारी भिंतीला डोकं टेकून. त्याच्या डोक्याच्या तेलानं तिथं काळपट डाग पडला होता.

राग म्हणाल तर जमदग्नीचा. एकदा मी तो डबा उकिरड्यावर रिकामा केला आणि म्हटलं, डॉक्टरकडे चल. त्यानं जेवतं ताट उंबऱ्यावर आदळलं आणि माझ्या, लग्न झालेल्या मास्तरीण बहिणीच्या, थोबाडीत मारली. "जळजळीनं कोनी मरते का व? कायले डाक्टर?" गाल तीन दिवस ठणकत होता. मीही त्याचीच बहीण, वर्षभर बोलले नाही. पण जीव राहवेना. मग मी काय केलं? पोरांना विज्ञान शिकवणाऱ्या मी पोहरादेवीला नवस बोलले... दादाची आग थांबू दे, बकरं देईन.

आणि आग थांबली हो! सोड्याशिवाय महिनेच्या महिने गेले. दादा स्वतः रिसोडला आला, अबोला बिबोला विसरून. "शांते, तुही देवी पावली मले!" आम्ही वाजतगाजत बकरं नेलं. बकऱ्याचा दोर मी धरला होता. घाव पडला तेव्हा रक्त माझ्या पायांवर उडालं, तरी मी हसतच होते. पंगत बसली आणि दुसऱ्याच घासाला मटणाचा तुकडा दादाच्या छातीत अडकला. डोळे बाहेर आले, त्यानं लाथेनं रश्श्याचं भगोणं उडवलं, स्वतःच्या छातीवर मुठी हाणू लागला. चौघांनी त्याला पालथा धरला आणि मी पाठीत बुक्क्या घातल्या. जीव खाऊन घातल्या. त्या थपडेचा राग त्या बुक्क्यांत होता, आज कबूल करते. घास रक्तासकट बाहेर पडला. "हाडूक असंन," दादा म्हणाला, आणि आम्ही मान डोलावली.

त्या हाडकावर आम्ही चार महिने घालवले. आधी भाकर उतरेना, मग भात, मग नुसती पेज. तेव्हा कुठं अकोल्याला नेलं. पांढरं औषध पाजून फोटो काढला आणि डॉक्टरांनी मला बाजूला बोलावलं. पोटातलं आंबट वर्षानुवर्षं वर येऊन अन्ननळी भाजत होती, आतलं कातडंच बदललं, आणि त्यात कॅन्सर झाला. "पण आग तर थांबली होती ना?" मी भांडल्यासारखं विचारलं. ते म्हणाले, "बदललेल्या कातडीला कधीकधी आग कमी कळते, बाई. थांबली तेव्हाच यायला हवं होतं." ज्या आग थांबण्यासाठी मी बकरं कापलं, ते थांबणंच रोगाची खूण होतं...

शेवटी दादाचा नुसता हाडांचा सापळा उरला. पेजेची वाटी त्यानं माझ्या अंगावर भिरकावली, रक्ताची गुळणी टाकली आणि मग माझं मनगट धरून म्हणाला, "लय जोरानं मारलं व तुनं त्या दिवशी." आणि हसला. तीच आमची शेवटची भेट.

तेरावं झालं. जेवणं उरकली आणि माझ्या छातीत जळजळलं. मला ती कधीपासूनची, कुणाला सांगितलं नव्हतं. हात आपसूक कोनाड्यातल्या डब्याकडे गेला, चिमूट पेल्यात पडली. आणि वहिनीनं, वीस वर्षांत जिचा आवाज चढलेला मी ऐकला नाही त्या वहिनीनं, फाडकन हातावर मारून पेला उडवला. "तुमीबी? ताई, तुमीबी?" डबा तिनं अंगणात नेला आणि पाट्यावरच्या वरवंट्यानं ठेचून चपटा केला.

गेल्या आठवड्यात तिनं सगळं घर पोतारून पांढरं केलं. कोनाड्याशेजारचा दादाच्या डोक्याचा तेवढा डाग सोडला. मी विचारलं, काहून ठेवला? म्हणाली, "तुमी अकोल्याहून दाखवून येत नाही, तवरीक हात लावनार नाही मी त्याले."

सोमवारची रजा टाकली आहे. डाग अजून भिंतीवर आहे.