मांड्यांची गाडी

२४ मे १९८९, बुधवार. सकाळचे सहा वाजून वीस मिनिटं. कापडण्यात लग्नघराच्या मागच्या अंगणात तीन चुली पेटल्या आहेत, तिन्हींवर पालथी खापरं आहेत, आणि द्रौपदाबाईंच्या हातांवर पुरण भरलेला मांडा फिरतो आहे. तो कोपरापर्यंत पसरला की खापरावर पडतो. हा सत्तेचाळिसावा. अजून दोनशे व्हायचे आहेत.

द्रौपदाबाई बावन्न वर्षांच्या. धुळ्यात देवपूरला राहतात. लग्नांत मांडे करून देण्याची कामं त्या अकरा वर्षं घेतात. बरोबर पाच बायका. खापरं, पराती, पातेली सगळं स्वतःचं. गाडी तेवढी भाड्याची. आता तीही स्वतःची घ्यायची ठरली आहे, आणि ठरली ती पुष्पाबाईंमुळे.

पुष्पाबाई अठ्ठावन्नच्या, दुसऱ्या चुलीवरच्या. त्यांच्याइतका पातळ मांडा बाकी कुणाच्या हातून उतरत नाही; शिकवूनही जमलेलं नाही. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगून टाकलं, "काम व्हई जास, बैन. गाडीमा बठनं व्हत नही." त्या सुटल्या तर लोक काम दुसरीकडे देतील, हे द्रौपदाबाईंना कुणी सांगायला नको होतं.

जुन्या गाड्यांची दलाली करणाऱ्या निंबाने दोन गाड्या काढल्या. पहिली लांबडी, पत्र्याची. द्रौपदाबाईंनी तिचा मागचा भाग सुतळीने मोजला. खापरांची आणि पातेल्यांची मापं त्या सुतळीवर गाठी मारून घेतलेली होती. सगळं बसत होतं, वर सरपणालाही जागा उरत होती. गाडी पसंत पडली. "एकदा भरीसन चालाडी पाहू," एवढंच त्या म्हणाल्या.

रविवारी सोनगीरचं काम आटोपून दुपारी त्याच गाडीतून निघताना निंबा कागदांची पिशवी घेऊन ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला. द्रौपदाबाईंना मागे चढावं लागलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा. मालकिणीने पुढे बसायचं असं कुणी ठरवलेलं नव्हतं. पहिल्या दिवसापासून तसं चालत आलं होतं.

मागे दोन बाजूंना दोन फळ्या, मधे भांडी. पाय ठेवायला जागा नाही, म्हणून ते भांड्यांवर, आणि गुडघे छातीशी. पत्रा तापलेला. खिडकी नाही. पहाटेपासून चुलीपुढे बसलेल्या बायका तशाच आखडून परत बसलेल्या. देवपूरला पुष्पाबाईंना उतरता येईना. दोघींनी त्यांना भरलं पातेलं उतरवतात तसं खाली घेतलं.

"भांडासले जागा शे, बैन," त्या म्हणाल्या. "मना गुडघासलेच नही."

द्रौपदाबाई फळीला धरून उतरल्या. त्यांचा स्वतःचा डावा पाय बधिर झाला होता.

आज कापडण्याहून परतीला निंबाने दुसरी गाडी आणली आहे. आखूड, बसकी, बाजूला दार, पायरी हातभर खाली, समोर तोंड करून बसायच्या गादीच्या सीटा आणि उघडणाऱ्या खिडक्या. दीड वाजता भांडी चढली. बारदानात गुंडाळलेली खापरं बसली, पराती बसल्या. दोन मोठी पातेली काही केल्या आत जाईनात.

"अक्का, ही शाळेच्या पोरांची गाडी," निंबा म्हणाला. "पाचशे पानांचं लग्न आलं तर पातेली काय कडेवर नेणार?"

"पातेलं लगीनवाला देई. खापर मनं ऱ्हाई."

"आणि मोठ्या ऑर्डरी?"

"जातीन." त्यांनी पुढचं दार उघडलं. "पुष्पा, बठ."

"मग मी कुठे बसू?" निंबाने विचारलं.

"तू एस्टीनी ये."

बायका हसल्या. सकाळपासून पहिल्यांदाच. निंबा शेवटी परातींच्या शेजारी उकिडवा बसला. पातेली लग्नघरीच ठेवली. उद्या कुणाच्या तरी ट्रॅक्टरवरून येतील.

अडीचला गाडी देवपूरला पोचली. पुष्पाबाई दाराला धरून स्वतः उतरल्या, कंबरेवर हात ठेवून जरा वेळ उभ्या राहिल्या. द्रौपदाबाई मागच्या सीटवरच थांबल्या होत्या.

"हाऊ लगीनना मोसम करसू," पुष्पाबाई म्हणाल्या. "पुढना सांगत नही."

"बरं," द्रौपदाबाई म्हणाल्या, आणि निंबाकडे वळून हीच गाडी म्हणून सांगितलं. कागद होईपर्यंत ती त्यांच्या दारात राहील. चालवायला त्यांचा भाचा वना आहे.

उद्या लग्न न्याहळोदला आहे, मांडे दोनशे वीस. गाडी पहाटे पावणेपाचला निघेल. पुढे वना आणि पुष्पाबाई, मागे चौघी आणि द्रौपदाबाई.