वाटीतले खिळे

आखाती शहरातल्या नजमा वस्तीत मुलाच्या घराखाली सोफ्यांचे दुकान आहे. तेथील फोम चिकटवायच्या सोल्यूशनचा वास आज वर आला आणि याच शहरात मी मुकादम होतो तो कारखाना आठवला.

वेस्ट बेमधील एका हॉटेलसाठी आम्ही खुर्च्या करत होतो. त्या पाहण्यास हॉटेलचा डॅनिश डिझायनर आला. श्रवणयंत्रांपासून आगगाडीच्या डब्यांपर्यंत त्याने बरेच घडवले होते. सुरुवात मात्र गादीकामातली. त्याने मूठभर खिळे तोंडात टाकले आणि जिभेने एकेक पुढे काढत कापड ठोकले.

"गोरा आपल्यातलाच हाय की, मुकादम!" कारागीर सदाशिव हसला आणि खोकू लागला.

"हा खिळे वाटीत का ठेवतो?" सदाशिवच्या वाटीकडे बोट दाखवत डिझायनरने विचारले.

"आळस," मी म्हणालो.

"नाही. खोकणाऱ्याला ते तोंडात धरता येत नाहीत. माझ्या उस्तादानेही शेवटी वाटी घेतली आणि तो त्या खोकल्यातच गेला. म्हणून मी हे काम सोडले. याला आजच डॉक्टरकडे पाठवा."

तो गेल्यावर सदाशिव म्हणाला, "जाऊ का मग डॉक्टरकडं?"

"खुर्च्या झाल्या की जा."

तेव्हा मला ती शिस्त वाटली. खुर्च्या वेळेवर पोहोचल्या. महिन्याभरात सदाशिव शवपेटीतून साताऱ्याला गेला. त्याच्या बायकोला पत्र मीच लिहिले: आजार अचानक आला.