जस्ताच्या खालची चौकट

सव्वीस वर्षं त्याने एकाच टाकीपाशी उभं राहून काढली. लोखंडी स्क्रू आणि बिजागऱ्या जाळीत भरायच्या, टाकीत सोडायच्या, मुलामा चढला की वर काढून धुवायच्या. कारखान्यात दोन टाक्या होत्या, एक जस्ताची, दुसरी कॅडमियमची. दुसरी त्याची. त्या टाकीवरचा माणूस म्हणजे मोठा कारागीर, असा तिथला रिवाज. रोज सकाळी कॅडमियमच्या तपकिरी भुकटीचं पोतं फोडून तो टाकीत रिकामं करायचा, तोंडाला फडकंसुद्धा न बांधता. पहिल्याच दिवशी मालक म्हणाला होता, "घाबरतोस काय? जस्ताचा सख्खा भाऊ आहे हा. जस्त तर औषधातही घालतात." पुढे धाकटा भाऊ जस्ताच्या टाकीवर लागला, तेव्हा मालकाचं हेच वाक्य त्याने स्वतः धाकट्याला ऐकवलं.

आधी वास येईनासा झाला. बायको म्हणायची, "बरंच झालं, भात करपला तरी घरात बोंब नाही." मग लघवीला फेस येऊ लागला. मग हाडं दुखू लागली, आणि परवा नुसतं खोकताना बरगडी मोडली. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं कामातून गेली आहेत. "शरीर कॅडमियमला जस्त समजून धरून ठेवतं. वीस-वीस वर्षं सोडत नाही." त्याने मान डोलावली. कळलं काहीच नव्हतं. मालकाने मात्र त्याच्या जागी सोमवारपासून धाकट्याला नेमलं.

रविवारी दुपारी दहावीतली मुलगी विज्ञानाचं पुस्तक उघडून बसली होती. पानभर चौकटी.

"यात कॅडमियम आहे का गं?"

"सगळीच मूलद्रव्यं आहेत, बाबा. असं आडवं वाचायचं. एक चौकट पुढे गेलं की अणूत एक प्रोटॉन वाढतो. वाढत वाढत गुण पुन्हा पहिल्यासारखे यायला लागले की खाली नवी ओळ धरायची. म्हणून उभं बघितलं तर एकाखाली एक सगळे एकाच घराण्यातले. बाहेरचे इलेक्ट्रॉन सारखे, म्हणून वागणंही बरंचसं सारखं."

तिचं बोट तीसवर थांबलं. जस्त. त्याच्याखाली अठ्ठेचाळीस, कॅडमियम. त्याच्याखाली ऐंशी.

"हा कोण?"

"पारा."

तो बराच वेळ त्या तीन चौकटींकडे बघत राहिला. मालक खोटं बोलला नव्हता. भाऊच होता. जस्ताच्या ओळखीवर आत शिरला, आणि घरचा समजून शरीराने त्याला ठेवून घेतलं.

तेवढ्यात धाकटा आला. "दादा, उद्यापासून तुझी टाकी माझी!"

"जाऊ नकोस. विष आहे ते."

"आज विष? सात वर्षं जस्ताचा भाऊ, जस्ताचा भाऊ म्हणून कोण डोकं खात होतं?"

"भाऊ आहे म्हणूनच सांगतोय. हे बघ, याच्याखाली पारा आहे."

"पारा थर्मामीटरात असतो. तोंडात धरलाच आहे की आपण." धाकटा हसला, मग हसू आवरून म्हणाला, "सरळ सांग ना. तू घरी बसलास आणि मी मोठा कारागीर झालो, हे तुला बघवत नाही."

"काका!" मुलगी ओरडली. धाकटा चपला घालून निघून गेला होता.

सोमवारी तो धाकट्याच्या आधी कारखान्यात पोचला. एका हाताने बरगडी दाबून धरत त्याने पोतं ओढलं.

मालकाने विचारलं, "बरा झालास?"

"झालो. माझी टाकी मीच बघतो."

"तब्येतीचं काय?"

"आता बिघडायला उरलंय काय?"

मालकाने खांदे उडवले. धाकटा दारात आला, मोठ्या भावाला तिथे उभं बघून थबकला. चेहरा लाल झाला. तो जस्ताच्या टाकीकडे गेला आणि पाठ करून उभा राहिला. दिवसभर त्याने वळून पाहिलं नाही.